ब्रेडीला कोण वाचवायचं? दान्ते स्कार्नेकिया नावाच्या मास्तरबद्दल

फ्रेमिंगहॅमकर

मंडळी, सप्टेंबर उजाडला की इथे कुणीतरी अमेरिकन फुटबॉलचा धागा काढतं आणि चौथ्या प्रतिसादात तो ब्रेडी मोठा की माहोम्स मोठा यावर जाऊन बसतो. म्हणून आज मुद्दाम क्वार्टरबॅक सोडून लिहितोय. ऑफेन्सिव्ह लाइनच्या कोचवर. त्यातही एकाच माणसावर, आमच्या बॉस्टनकडच्या टीमचा, पेट्रियट्सचा, दान्ते स्कार्नेकिया, इकडे सगळे त्याला नुसतं स्कार म्हणतात.

ज्यांना खेळातलं ओ की ठो कळत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. क्वार्टरबॅकच्या पुढे पाच दांडगे गडी उभे असतात, मधला सेंटर, त्याच्या दोन्ही अंगाला गार्ड, टोकांना टॅकल. सेंटर पायांमधून बॉल मागे देतो तो स्नॅप, आणि तिथून पुढचे अडीच-तीन सेकंद समोरून अंगावर येणाऱ्यांना या पाचांनी थोपवून धरायचं, तेवढ्यात क्वार्टरबॅकने बॉल फेकायचा. थोपवायचं पण पकडायचं नाही, पकडलंत तर होल्डिंग, १० यार्ड मागे. स्नॅपच्या आधी नुसतं बूड हललं तरी फॉल्स स्टार्ट, ५ यार्ड मागे, आणि वर रेफरी माइकवरून तुमचा नंबर अख्ख्या स्टेडियमला सांगणार. काम बरोबर केलंत तर मात्र आईसुद्धा बघत नाही.

आता मूळ गोष्ट. २४ जानेवारी २०१६, रविवार. एका मित्राच्या बेसमेंटमध्ये आम्ही बाराजण, खाली सतरंजी, मधे पातेलंभर मिसळ, समोर डेन्व्हरमधली एएफसी चॅम्पियनशिप, म्हणजे फायनलच्या आधीची सेमीफायनल. पहिल्या क्वार्टरपासून ब्रेडीला मार पडायला लागला. मी चिवड्यातले शेंगदाणे बाजूला काढून दर फटक्याला एक असा हिशोब ठेवला होता, अर्ध्या मॅचनंतर कुणीतरी ते शेंगदाणे खाऊन टाकले आणि हिशोब गेला. दुसऱ्या दिवशी पेपरात आकडा आला, २० वेळा. चार सॅक धरून, सॅक म्हणजे बॉल हातात असतानाच क्वार्टरबॅकला आडवा करणं. डेन्व्हरच्या व्हॉन मिलरने एकट्याने अडीच सॅक घेतले. मॅच हरलो २०-१८.

त्या वेळी स्कार होता कुठे? घरी. २०१३ चा सीझन संपल्यावर रिटायर झालेला. डेन्व्हरनंतर लगेच तेव्हाच्या लाइन कोचला नारळ मिळाला आणि फेब्रुवारीत ६८ वर्षांच्या या म्हाताऱ्याला आमचा हेडकोच बेलिचिकने परत बोलावून घेतलं. पुढच्या तीन सीझनमध्ये तीन सुपर बोल (म्हणजे लीगची फायनल) खेळलो, दोन जिंकलो. २०१८ च्या प्लेऑफमध्ये तर तीन मॅच मिळून ब्रेडी एकदाच सॅक झाला. एकदा! आणि शेवटची मॅच रॅम्सशी होती, म्हणजे समोर ॲरन डोनाल्डसारखा क्वार्टरबॅकच्या अंगावर येणारा राक्षस.

माझं म्हणणं एवढंच आहे की लाइन कोच किती चांगला हे तो असताना कळत नाही, तो गेला की कळतं. भांडायला या.

जुना_पैलवान

हायला, शेवटी कुणीतरी कामाच्या माणसावर धागा काढला. बैठक मारून बसलोय.

मी कोल्हापूरकडचा, तालमीत वाढलेला, आता शिकागोला असतो. मला हा खेळ आवडायला लागला तो बॉलमुळे नाहीच, लाइनमुळे. दोन माणसं समोरासमोर, कोण खालून घुसतो, कुणाचा हात आत जातो, कुणाची कंबर आधी उठते. ही कुस्तीच आहे, फक्त तीन सेकंदांची आणि चीत करायची गरज नाही, जागेवर ठेवला तरी जिंकलात.

स्कारचा विषय निघाला की माझा हिरो एकच, स्टीफन नील. हा गडी कॉलेजात फुटबॉल खेळलेलाच नाही, नुसता कुस्तीगीर. १९९९ ला एनसीएएच्या, म्हणजे कॉलेज कुस्तीच्या, हेवीवेट फायनलमध्ये त्याने कुणाला हरवलं माहितीय? ब्रॉक लेस्नरला! तोच, डब्ल्यूडब्ल्यूईवाला. त्याच वर्षी वर्ल्ड चॅम्पियनही झाला. त्याला २००१ ला पेट्रियट्सनी ड्राफ्टबाहेरून (ड्राफ्ट म्हणजे टीम्स दर वर्षी आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात ते) उचललं, काढलं, तो फिलीला म्हणजे फिलाडेल्फियाला गेला, परत आणला, आणि मग स्कारने त्याला उभं कसं राहायचं इथपासून शिकवलं. म्हणजे बघा, पंचविशीतला माणूस, जगज्जेता, आणि त्याला सांगायचं की बाबा तुझी ठेवण चुकतेय. तो राइट गार्ड झाला आणि २०१० पर्यंत खेळला.

यात मास्तरचं डोकं कुठे दिसतं तर त्याने कुस्ती पुसली नाही. पैलवानाला समोरच्याचं वजन कुठल्या पायावर आहे ते हाताला कळतं, डोळ्याला नंतर. ते त्याने तसंच ठेवलं असणार आणि फक्त पाय शिकवले. आमचे वस्ताद म्हणायचे आलेल्या पोराचा मूळ डाव मोडू नये, त्याच्या शेजारी दुसरा बसवावा.

डेटादादा

थांबा थांबा, आरती नंतर.

१) २०१४ ला स्कार नव्हता आणि तुम्ही सुपर बोल जिंकलात. ज्या कोचला नारळ दिला त्यानेच ती लाइन चालवली होती. हे धाग्यात सोयीस्करपणे गाळलंय.
२) २०१५ ला लेफ्ट टॅकल नेट सोल्डर सीझनच्या सुरुवातीलाच जायबंदी होऊन बाहेर. वोल्मर उजवीकडून डावीकडे सरकवला. सेंटरला एक नवखा. दर आठवड्याला वेगळे पाचजण. ब्रह्मदेव कोच असता तरी काय करणार होता?
३) ब्रेडी बॉल पटकन सोडायचा. सॅक कमी असण्यात अर्धं श्रेय त्याचं.
४) २००७. अठरा मॅच सलग जिंकलेली टीम, लाइनमधले तिघे, लाइट, मॅन्किन्स आणि कॉपन, त्या वर्षी प्रो बोलला (लीगमधल्या निवडक खेळाडूंची मॅच) निवडलेले, कोच स्कारच. सुपर बोलमध्ये जायंट्सनी ब्रेडीला पाच वेळा आडवा केला आणि १७-१४ ने तुम्हाला घरी पाठवलं. त्या दिवशी मास्तर कुठे होते?

भांडायला बोलावलंत म्हणून आलो, राग मानू नये.

फ्रेमिंगहॅमकर

डेटादादा, राग कसला, २००७ काढलंत म्हणून जेवण गेलं नाही एवढंच.

चौथा मुद्दा मान्य. जायंट्सच्या जस्टिन टकने त्या दिवशी मधूनच घुसून धिंडवडे काढले, आणि त्याला उत्तर शेवटपर्यंत सापडलं नाही. स्कारच्या करिअरवरचा तो डाग आहेच. आणि माझ्याकडून अजून एक घ्या, ३-२८ ने मागे पडून जिंकलेला फाल्कन्सविरुद्धचा सुपर बोल, त्यातही ब्रेडी पाच वेळा सॅक झाला होता. फरक एवढाच की त्या दिवशी आपल्या लोकांनी ९३ प्ले खेळून समोरच्यांची जीभ बाहेर काढली.

पण दुसऱ्या मुद्द्याला माझ्याकडे औषध आहे. मार्कस कॅनन. डेन्व्हरच्या त्या मॅचमध्ये राइट टॅकल कोण होता? कॅनन. मिलर ज्याच्या अंगावरून जात होता तो हाच. इथे बॉस्टनमध्ये रेडिओवर लोक फोन करकरून त्याला शिव्या घालत होते. गडी बिचारा ड्राफ्टच्या तोंडावर कॅन्सर निघाला म्हणून पाचव्या राउंडला घसरलेला, ट्रीटमेंट घेऊन त्याच वर्षी मैदानात आलेला, पण पब्लिकला त्याचं काय. स्कार परत आला, सप्टेंबर उजाडला, आणि तोच कॅनन २०१६ ला दुसऱ्या ऑल-प्रो टीममध्ये, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत! माणूस तोच, वय एक वर्षाने वाढलेलं, समोरचे तितकेच वांड. बदललं काय? बारीक झाला, पाय हलायला लागले, आणि कोच बदलला.

सोल्डर परत आला, ते पाचजण एकत्र राहिले, हेही खरंच. पण ऑल-प्रो नुसतं शेजारी बरा असल्याने कोणी होत नाही हो.

आणि २०१४ बद्दल, त्या पाचांतले सगळेच काही स्कारच्या हाताखालून गेलेले नव्हते हे खरं, पण सोल्डर, वोल्मर, वेन्डेल त्याचेच. पूर्वजांच्या पुण्याईवर एक वर्ष निघतं.

डेटादादा

कॅनन मान्य. तो चांगला पुरावा आहे, वहीत लिहून ठेवतो. पूर्वजांची पुण्याई मात्र पुरावा नाही.

मृण्मयी_जर्सी

नमस्कार, बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज या धाग्यामुळे लॉगिन करतेय, पासवर्ड रिसेट करायला अर्धा तास गेला.

माझा मुलगा हायस्कूलला दुसऱ्या वर्षाला आहे, सहा फूट, वजन विचारू नका. बॅण्डमध्ये ट्रम्पेट वाजवायचा तो एक दिवस घरी येऊन म्हणाला आई मी लाइनमध्ये आहे. मी म्हटलं कसली लाइन. तेव्हापासून दर शुक्रवारी थंडीत ब्लँकेट घेऊन बसते आणि खरं सांगू, दोन सीझन झाले तरी माझा लेक मैदानात नक्की काय करतो हे मला कळलेलं नाही. सगळे ओरडतात तेव्हा बॉल लांब गेलेला असतो आणि हा कुणाच्या तरी खाली पडलेला असतो.

त्याचे कोच, शाळेचं नाव घेत नाही, एकच वाक्य ओरडतात, हात हात हात. दोन वर्षं हात हात हात. हाताचं काय करायचं हे काही सांगत नाहीत. पोरगं घरी येऊन फ्रिजला धक्के मारत असतं, मागच्या महिन्यात फ्रिजच्या दाराचं हँडल हातात आलं. तर जाणकारांनो, हाताचं काय करायचं असतं?

जुना_पैलवान

मृण्मयीताई, फ्रिज वाचवू या.

हात हे शेवटचं. आधी पाय. तुमचा मुलगा कुठल्या बाजूला उभा राहतो? समजा उजवा टॅकल. स्नॅप झाला की बाहेरचा उजवा पाय मागे टाकायचा आणि डावा नुसता जमिनीला घासत ओढायचा, परत उजवा मागे, डावा ओढ. याला किक-स्लाइड म्हणतात. पाय एकमेकांना लागता कामा नयेत आणि क्रॉस तर मुळीच नाही, क्रॉस झाले की फुंकर मारली तरी पडतो. कंबर खाली, पाठ सरळ, खुर्चीवर बसता बसता कुणीतरी खुर्ची काढून घेतली तसं. त्याला म्हणावं हॉलमध्ये मोजे घालून एवढंच कर, रोज दहा मिनिटं, भिंतीकडे पाठ करून.

मग हात. कोपरं बरगड्यांना चिकटलेली, अंगठे वर, आणि समोरचा हाताच्या टप्प्यात आला की छातीच्या आत, काखेच्या आतल्या अंगाला पंजे मारायचे. बाहेरून खांद्याला धरलं की होल्डिंग, आतून धरलं की रेफरीला दिसत नाही, हे खुलं गुपित आहे. आधी मारला तर झोक जातो, उशीर केला तर तो तुमच्या छातीत. त्या वेळेलाच सगळी किंमत आहे. फ्रिज अंगावर येत नाही ना, म्हणून फ्रिजवर ते शिकता येत नाही.

गंमत म्हणजे हे हात पसरून, पंजे उघडे ठेवून ब्लॉक करायला पूर्ण परवानगी मिळाली ती १९७८ ला. त्याआधी पंजे छातीशी घेऊन कोपरांनी आणि खांद्यांनी ढकलायचं. नियम बदलला, पासिंग वाढलं, आणि लाइन कोचचा धंदाच बदलला. स्कारने कोचिंग सुरू केलं १९७० ला, म्हणजे त्याने जे स्वतः खेळाडू म्हणून शिकलं होतं त्यातलं निम्मं आठ वर्षांत टाकून द्यावं लागलं.

मृण्मयी_जर्सी

बाई गं! दोन वर्षांत मला कुणी एवढं सांगितलं नव्हतं. प्रिंट काढून फ्रिजवरच लावतेय.

फिलीचा_फौजदार

पेट्रियट्सवाल्यांनो, स्कार मोठा, मान्य, पण ४१-३३ विसरलात का? ४ फेब्रुवारी २०१८, मिनिआपोलिसचा सुपर बोल, आम्ही विरुद्ध तुम्ही. त्या दिवशी तुमचा स्कार एका बाजूला आणि आमचा जेफ स्टाउटलंड दुसऱ्या बाजूला, आणि राखीव क्वार्टरबॅक निक फोल्स मजेत उभा राहून बॉल फेकत होता. लाइन कोचांची कुस्ती म्हणाल तर ती आम्ही मारली.

स्टाउटलंड स्टेटन आयलंडचा, स्वतः डिफेन्सला लाइनबॅकर खेळलेला, कॉर्नेल, सिरॅक्यूज, मिशिगन स्टेट, मायामी, अलाबामा अशी गावोगावची पाणी पिऊन २०१३ ला फिलीला आला. आमचे लाइनमन टीव्हीवर कॉलेजचं नाव सांगायची वेळ आली की स्टाउटलंड युनिव्हर्सिटी म्हणत आलेत, यातच आलं.

आणि तुमच्या नीलला आमचा जॉर्डन मायलाटा. सिडनीचा, रग्बी लीग खेळणारा, सहा फूट आठ इंच. आयुष्यात एक फुटबॉल मॅच खेळलेला नाही. २०१८ ला सातव्या राउंडला २३३ वा घेतला, लोक हसले. पहिली दोन वर्षं एकही मॅच नाही, नुसता स्टाउटलंडच्या समोर सराव. २०२० ला मैदानात आला, २०२१ ला ६४ मिलियनचं कॉन्ट्रॅक्ट, आणि फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलला चीफ्सना ४०-२२ ने तुडवला तेव्हा लेफ्ट टॅकलला तोच. नीलला निदान अंगाला अंग भिडवायची सवय होती. रग्बीत तर बॉल हातात नसलेल्याला अडवलं की फाउल! म्हणजे याला सगळी सवयच उलटी करायला शिकवली.

जुना_पैलवान

फौजदार, हा मुद्दा जोरदार आहे. मायलाटा विरुद्ध नील यात मी मायलाटाला झुकतं माप देतो. पण मन नीलकडेच.

वॉशिंग्टनचे_तात्या

तुम्ही पोरं सगळी २००० नंतरची. मी १९८१ ला मेरीलँडला आलो, एका खोलीत चौघे, आणि टीव्हीवर रविवारी दुसरं काही लागायचं नाही म्हणून बघायला लागलो. तेव्हा आमच्या वॉशिंग्टनच्या टीमचा लाइन कोच होता जो ब्यूगल. १९८२ च्या कॅम्पात त्याने आपल्या लाइनला हॉग्ज म्हणजे डुकरं म्हटलं आणि ते नाव असं चिकटलं की बाप्ये लोक झगे घालून, नाकाला डुकराचं नाक लावून स्टेडियमला यायला लागले. मला आधी वाटलं काहीतरी शिमगा असेल इकडचा.

त्या लाइनमधला जो जेकोबी, सहा फूट सात इंच, ड्राफ्टमध्ये कुणी विचारलाही नव्हता. बॉस्टिक, तोही तसाच. ब्यूगलने त्यांच्याकडून जे उभं केलं त्यावर बॉल घेऊन जॉन रिगिन्स पळाला आणि जानेवारी १९८३ चा सुपर बोल आला. मग १९८८ चा. एवढं झाल्यावर ब्यूगल हेडकोच व्हायला गेला, आधी कार्डिनल्स, मग रेडर्स, आणि दोन्हीकडचा हिशोब मिळून २४ विजय, ५६ पराभव. शेवटी परत वॉशिंग्टनला लाइन शिकवायला आला आणि पुन्हा माणसात आला. काही माणसं पंगतीत वाढायला उत्तम असतात, त्यांना यजमान करू नये.

त्या डेन्व्हरच्या मॅचबद्दल एक राहिलंय. फ्रेमिंगहॅमकरांनी वीस फटके मोजले पण ते पडले का ते लिहिलं नाही. डेन्व्हरला आवाज इतका की क्वार्टरबॅकचं ओरडणं ऐकू येत नाही, म्हणून सायलेंट काउंट. ही पद्धत बसवण्यात हॉवर्ड मडचा मोठा हात, पेटन मॅनिंगच्या कोल्ट्सचा लाइन कोच, स्वतः साठच्या दशकातला नामांकित गार्ड. सेंटर पायांतून मागे बघतो, तयार झाला की डोकं वर करतो, आणि त्यानंतर ठरलेल्या ठोक्याला स्नॅप. आता तो ठोका दर वेळी बदलायला हवा की नको? पेट्रियट्सचा सेंटर त्या दिवशी डोकं हलवून ठराविक तालात बॉल देत होता, आणि डेन्व्हरच्या डीमार्कस वेअरने तो ताल पकडला. मॅचनंतर त्याने हे सांगितलंही. म्हणजे पाचही गडी बॉलची वाट बघतायत आणि समोरचा डोकं हललं की निघालाय. अर्ध्या पावलाची उधारी, ती दिवसभर फिटली नाही. हे काम कोचचं. फिल्म बघताना स्वतःच्या सेंटरची मान बघायची असते.

डेटादादा

तात्या, साष्टांग. हे कॅननपेक्षा भारी आहे. जायबंदी खेळाडूंवर ढकलता येत नाही हे. माझा दुसरा मुद्दा मी अर्धा मागे घेतो, अर्धाच.

प्रश्नचिन्ह

एक बाळबोध शंका. हे लोक लाइन कोच होतात कसे? कोर्स वगैरे असतो का? आणि स्कार एवढा भारी तर तो कधी हेडकोच का नाही झाला?

फ्रेमिंगहॅमकर

कोर्स नाही. उमेदवारी. कॉलेजात खेळायचं, मग तिथेच किंवा शेजारच्या कॉलेजात तुटपुंज्या पगारावर पडेल ते काम, फिल्म कापा, पोरांना एअरपोर्टवरून आणा, आणि मग कुणीतरी हेडकोच तुम्हाला आपल्याबरोबर नेतो. स्कार लॉस एंजेलिसचा, जन्म १९४८, कॅलिफोर्निया वेस्टर्नला खेळला आणि तिथेच १९७० ला सुरुवात. मरीन रिझर्व्हमध्येही होता. मग आयोवा स्टेट, टेक्ससमध्ये एसएमयू वगैरे. एसएमयूचा रॉन मायर १९८२ ला पेट्रियट्सचा हेडकोच झाला, तो याला घेऊन आला.

इथली रीत अशी की हेडकोच गेला की त्याची सगळी वरात जाते. पोरांच्या शाळा, घराचं कर्ज, सगळं दर तीन वर्षांनी नव्याने. आणि हा बाबा बघा, मायर १९८४ ला गेला, हा राहिला. रेमंड बेरी, त्याच्याकडेही राहिला. मधे दोन वर्षं इंडियानापोलिस, परत मायरकडेच, आणि १९९१ ला पुन्हा इकडे. मग मॅकफर्सन, पार्सेल्स, पीट कॅरोल, बेलिचिक. सहा साहेब बदलले आणि हा आपला त्याच फॉक्सबरोला. सरकारी हापिसात असा एक हेडक्लार्क असतो बघा, साहेब येतात नि जातात, फाइल कुठे आहे ते यालाच माहीत.

आणि दर साहेबाने वेगळं काम दिलं. स्पेशल टीम्स, टाइट एंड, पार्सेल्सच्या वेळी तर चक्क डिफेन्सचा असिस्टंट. मला वाटतं इथेच मेख आहे. डिफेन्सच्या खोलीत बसून समोरच्या लाइनची खोट कशी शोधतात ते त्याने आतून बघितलं. पेट्रियट्सची ओ-लाइन त्याच्या ताब्यात आली १९९९ ला, वय ५१. म्हणजे ज्या कामासाठी आज आपण धागा काढलाय ते या वयात सुरू झालं! मी ५१ ला काय करतोय, तर इथे टाइप करतोय.

हेडकोच का नाही, तर १९९२ ला मॅकफर्सन आजारी पडला तेव्हा काही आठवडे त्यानेच गाडा ओढला होता. टीम भिकार होती, १६ मधल्या दोन जिंकलेली. त्यानंतर त्याने परत तो टिळा लावून घेतला नाही. तात्यांचं पंगतीचं वाक्य इथेही चालेल.

अजून एक आठवलं. २००३ चे प्लेऑफ. प्रो बोल दर्जाचा डेमियन वुडी जायबंदी, त्याच्या जागी रस हॉकस्टाइन. वॉरन सॅप टीव्हीवर म्हणाला की हा बाबा समोर बसलेल्या अँकरनाही अडवू शकणार नाही. त्या अख्ख्या प्लेऑफमध्ये ब्रेडी किती वेळा सॅक झाला? शून्य. सुपर बोल धरून.

फिलीचा_फौजदार

शून्य हे माहीत नव्हतं. बरं, चांगलंय, गप्प बसतो. ४१-३३.

प्रश्नचिन्ह

आणि पैसे? खेळाडूंना मिलियन आणि मास्तरला?

डेटादादा

कोचचे पगार टीम्स जाहीर करत नाहीत त्यामुळे आकडा टाकत नाही. पण शिष्यांचे जाहीर असतात, त्यावरून मास्तरचं मोल काढा. ट्रेंट ब्राउन, २०१८ ला सॅन फ्रान्सिस्कोने तो दिला तो जवळजवळ मोडीत काढल्यासारखा. पेट्रियट्सचा पहिल्या राउंडचा पोरगा ऑगस्टमध्येच टाचेमागचा अकिलीस टेंडन तोडून बसला म्हणून ब्राउन लेफ्ट टॅकलला. एक वर्ष स्कारकडे, सुपर बोल, आणि मार्चमध्ये रेडर्सचा ६६ मिलियनचा चेक. त्याच्या आदल्या वर्षी सोल्डर, जायंट्स, ६२ मिलियन. जायंट्सकडे गेल्यावर सोल्डर आधीसारखा खेळला नाही. हा पुरावा मी स्वतःच्या विरोधात देतोय, नोंद घ्यावी.

फ्रेमिंगहॅमकर

नोंद घेतली आणि सोनेरी चौकट करून लावली.

तो जानेवारी २०२० ला पुन्हा रिटायर झाला, या वेळी खराच. २०२३ ला पेट्रियट्सच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतला. ३६ सीझन एनएफएलचे, त्यातले ३४ एकाच टीममध्ये, पाच अंगठ्या, म्हणजे पाच सुपर बोल जिंकलेले.

मृण्मयी_जर्सी

मंडळी, रिपोर्ट द्यायला आलेय. काल रात्रीच्या मॅचला मी पहिल्यांदा बॉल बघितलाच नाही. नुसता आमचा ७४ नंबर. पहिल्या क्वार्टरला एक फॉल्स स्टार्ट केला त्याने, रेफरीने माइकवर नंबर सांगितला आणि शेजारच्या बाई म्हणाल्या हू इज सेव्हंटी फोर, मी थर्मासमध्ये तोंड घातलं. पण नंतर पाय क्रॉस नाही झाले हो! दोनदा पंजे अगदी आत बसले, समोरचा पोरगा जागच्या जागी थांबला, कुणी टाळी वाजवली नाही, मी एकटीच उभी राहिले. बॉल तेव्हा कुठे होता देव जाणे. जिंकलो म्हणे.

आता नवीन भानगड. कोचनी त्याला सोमवारपासून टॅकलवरून गार्डला सरकवलंय. तो रुसून बसलाय, म्हणतो मला खाली टाकलं. ही शिक्षा आहे का?

जुना_पैलवान

शिक्षा नाही ताई. टॅकलला बाहेरून वळसा घालून येणारे चपळ गडी असतात, त्यांना लांबून अडवायला हात लांब लागतात. एनएफएलवाले टॅकलचा हात निदान ३३-३४ इंच बघतात. आत गार्डला जागा कमी, तिथे बुटके-आखूड चालतात, उलट बुंधा जड लागतो. मॅन्किन्ससारखा माणूस कॉलेजात टॅकल होता आणि नाव गार्ड म्हणून काढलं. त्याचा हात मोजा, खांद्यापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत.

मृण्मयी_जर्सी

ब्लाउजच्या टेपने मोजला. साडेतीस. बापावर गेलाय.